थोरलीचं पाणी

फाट्यावर पत्र्याचा एक फलक आहे. त्यावरचं पाण्याचं नाव काळ्या रंगाने पुसलेलं आहे. खालची इंग्रजी ओळ तेवढी शाबूत आहे: ‘सोपी वाट. जाऊन येऊन अर्धा तास.’

रंग फासला तो विपानाने. दोन वर्षांपूर्वी, थोरल्या बहिणीला पुरून आल्यावर, शाळेच्या कोठीतून ब्रश मागून आणून. थोरलीचं नाव त्या पाण्यावरूनच ठेवलेलं होतं, आणि गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. म्हणून थोरलीबरोबर पाण्याचंही नाव गेलं. लोक नुसतं ‘पाणी’ म्हणू लागले. बहिणीला ‘थोरली’. इथेही तसंच म्हणायचं.

फाट्यापासून वाट लाल रेतीतून निघते, नदीचं कोरडं पात्र ओलांडते आणि हाकेच्या दगडाशी येते. दगडापलीकडे उंच कड्याच्या पायथ्याशी पाणी. विपानाने त्या दिवशी दगडाशी मल्गाच्या झुडपाची एक फांदी आडवी टाकली आणि पाणी बंद झालं. कुंपण नाही, कुलूप नाही, पहारा नाही. तरी गावातलं एकही पाऊल नंतर फांदीपलीकडे पडलं नाही. पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावाला कळलंच असतं. इथे माणसं एकमेकांची पावलं तोंडासारखी ओळखतात.

उघडायचं तेही विपानानेच. मागे राहिलेल्या बहिणीने यायचं, हाक द्यायची, वाट झाडायची, मग बाकीच्यांनी जायचं. एरवी वर्षभरात झालं असतं. पण त्याच उन्हाळ्यात विपानाची मूत्रपिंडं बसली. गावात डायलिसिसचं यंत्र नाही. यंत्र शहरात, दिवसभराच्या रस्त्यावर. आठवड्यातून तीन वेळा हात पुढे करून त्याच्या शेजारी पडायचं आणि उरलेले दिवस आपल्यासारख्याच बायकांबरोबर वसतिगृहाच्या ओसरीत बसायचं, हे विपानाचं आयुष्य झालं. त्याआधी तिने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली होती. गावातल्या प्रत्येक पोराने तिच्या हातची लापशी खाल्ली होती आणि तिच्या डावाचा मारही.

शहरात तिला सगळ्यात जाचलं ते पाणी. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. चहा, सूप, बर्फ, सगळं त्यातच धरायचं. परिचारिका भली मुलगी होती. ती म्हणाली, “तुम्ही तर वाळवंटातल्या. तुम्हाला याची सवय असेल.” विपानाने मान हलवली. लहानपणी आईबापांच्या मागे ती एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर चालत जायची. दोन पाण्यांच्या मधे तोंड कोरडं पडायचं हे खरं. पण पाणी लागलं की पालथं पडून पोट टम्म होईपर्यंत प्यायचं. मधेच थांब असं कुणी म्हणत नसे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलीचा फोन आला. मुलीचं नाव जॅनेल. ती गावच्या दवाखान्यात साफसफाईचं काम करते.

“आई, तो म्हणतो पाण्यात उंट पडलाय.”

‘तो’ म्हणजे जॅनेलचा नवरा. विपानाने कोण ते विचारलं नाही.

“आत गेलेलं कुणी?”

“वेड लागलंय का? बाहेरूनच बघितलं. पाच उंटांची पावलं आत गेलीत, चारांची बाहेर आलीत. वर घारी फिरतायत.”

“पाचवा मागच्या बाजूने गेला असेल.”

“मागे कडा आहे, आई. उंट काय कडा चढणार?”

जॅनेलने पुढचं सांगितलं. वारा तिकडून आला की वास येतो. आता कडक ऊन सुरू होईल. उंट तिथेच सडला तर पाणी कायमचं जाईल. आधी काढून टाकता येईल, तो कामाला आहे त्या खात्याच्या गाडीला ओढायची तार आहे. पण फांदी उचलल्याशिवाय आत कोण जाणार?

“आई, तू दर वेळी अजून नाही म्हणतेस.”

“हं.”

“आता काय म्हणतेस?”

“शनिवारी ये,” विपाना म्हणाली.

शनिवारी यंत्रावरून उठायचं आणि मंगळवारी सकाळी परत हजर व्हायचं, एवढीच सवड होती. जॅनेल सकाळीच येऊन वसतिगृहाच्या दारात गाडी लावून झोपली होती. रस्ताभर ती गाडी हाणत राहिली आणि विपाना खिडकीला डोकं टेकून बसली. अजून नाही असं ती का म्हणत आली होती, हे तिने मुलीला सांगितलं नव्हतं. हाक नेहमी थोरली द्यायची. विपाना तिच्या मागे उभी राहायची. साठ वर्षं ती मागेच उभी राहिली. पाण्यात जो नाग राहतो तो आवाजाने माणूस ओळखतो आणि वासाने खात्री करून घेतो. विपानाचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. आणि वास? तिच्या अंगाला आता दवाखान्याच्या साबणाचा, नळीच्या प्लास्टिकचा वास येत होता. परकं कुणी उघडायला आलं तर पाणी खाली उतरतं आणि पुन्हा वर येत नाही. असं एका पाण्याचं झालेलं तिने ऐकलं होतं.

घरी पोचल्या तेव्हा जावई घरात नव्हता. सासू येणार म्हणून तो भावाकडे राहायला गेला होता. चुलीच्या राखेत मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली कांगारूची शेपटी तयार होती, बुडखा तिच्यासाठी वेगळा काढलेला.

सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडे बघत नाहीत, एका सावलीत बसत नाहीत. समोरून सासू येताना दिसली की जावई झाडामागे होतो. जिने आपली मुलगी दिली तिला यापेक्षा मोठा मान देता येत नाही. विपानाने या जावयाचं तोंड शेवटचं पाहिलं ते तो पोरगेला होता, फुटबॉल खेळत होता तेव्हा. मग एके दिवशी जॅनेलच्या हाती त्याने मांस पाठवलं. विपानाने ते खाल्लं आणि लग्न ठरलं. तेव्हापासून वीसेक वर्षं त्याचं मांस तिच्याकडे येत राहिलं, पुढे शहरातसुद्धा, कुणी ना कुणी त्या बाजूला येणाऱ्याच्या हाती. त्याचे केस पिकले की काळे आहेत, हे तिला माहीत नव्हतं. घाईत कापलेला तुकडा कुठला आणि मन लावून कापलेला कुठला, हे मात्र तिला हातात घेताच कळायचं.

रविवारी सकाळी अंगणात विहीणबाई हजर झाल्या. मॉडी, जावयाची आई. जाडजूड, गुडघ्यांनी वाकडी, आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा. डब्यात चहा उकळत होता. मॉडीने पेला भरून पुढे केला.

“घे.”

“नको,” विपाना म्हणाली.

“नको? शहरात जाऊन चहा सोडलास? मग तुला इथवर आणायचं पेट्रोल फुकट गेलं की गं.”

“दिवसाचा वाटा राखून ठेवलाय. पाण्यावर पिणार आहे.”

मॉडीने जॅनेलकडे पाहिलं. दोघींच्या मनात उंटच आला असणार. पण मॉडीने पेला स्वतःच तोंडाला लावला आणि दुसऱ्याच गोष्टी काढल्या: कुणाची कुत्री व्याली, कुणाच्या सुनेने गाडी उलटवली. विपाना ऐकत होती आणि दर थोड्या वेळाने कड्याच्या दिशेला बघत होती. तिकडे आभाळात घारी होत्या.

फाट्यापर्यंत जॅनेलने गाडी नेली. फलकाशी तिने आईची व्हीलचेअर उतरवली. तिघींनी चपला काढल्या. बंद जागेवर जाताना पायात काही घालत नाहीत. मॉडीने फलकाकडे हनुवटी केली.

“अर्धा तास लिहिलंय. सोपी वाट.”

“लिहिणारा कोण होता?” विपानाने विचारलं.

“असेल कुणी लांब टांगांचा.”

पहिला तुकडा खरंच सोपा होता. जमीन घट्ट, मधे मधे काटेरी गवताचे पुंजके. जॅनेल ढकलत होती, मॉडी पुढे चालून दगडगोटे पायाने बाजूला सारत होती. नदीच्या पात्रात उतरल्या आणि चाकं रेतीत बसली. जॅनेलने जोर लावला. चाकं आणखी खाली गेली. विपाना उतरली, चार पावलं चालली आणि तिथेच खाली बसली. रेती मऊ होती, पाय ओढून घेत होती. यंत्रावर जाण्याच्या आदल्या दिवसांत तिचे पाय सुजत, श्वास आखूड होई. आता तिचा ऊर पंख्यासारखा हलत होता. पलीकडचा काठ, त्यावरची पांढऱ्या खोडाची झाडं आणि त्यामागचा हाकेचा दगड इथून स्पष्ट दिसत होता.

“आपण दोघी उचलू,” जॅनेल म्हणाली.

“तू उचल. मी उचललं तर तुला दोघींना पुरावं लागेल,” मॉडी म्हणाली आणि आईबरोबर लेकीलाही बसवून पलीकडच्या काठाकडे निघाली. “बसा इथे. उगाच तोंड वाजवू नका. आणि विहीणबाई, रुमाल घे तोंडावर.”

विपानाने डोक्याचा रुमाल पुढे ओढला. तो कुठेतरी जवळ आहे, हे तिला तेव्हा कळलं.

मॉडी झाडांत गेली. तिचा आवाज इकडे येत होता, दुसऱ्या बाजूने उत्तर ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने ती जे ओढत घेऊन आली ते एका मोडक्या गाडीचं बॉनेट होतं. पोरं असल्या बॉनेटवर बसून टेकडीवरून घसरतात. उलटं घातलं की होडीसारखं होतं. यावर घोंगडी अंथरलेली होती आणि पुढच्या भोकातून दोर ओवला होता. दोर लांबच लांब, पात्रातून झाडांपर्यंत गेलेला.

“हे कुणी केलं?” जॅनेलने विचारलं.

“कुणी केलं म्हणजे? काल संध्याकाळपासून इथे आणून ठेवलंय. मला म्हणाला, खुर्ची रेतीत बसणार. मी म्हटलं, मग आधी नाही का सांगायचं? तर म्हणतो, आधी सांगितलं असतं तर त्या आल्याच नसत्या.”

जॅनेल हसू दाबू लागली. विपाना हसली नाही. ती बॉनेटकडे बघत होती. एवढा लांब दोर कशासाठी, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तो ओढणार त्या टोकाला, तोंड पुढे करून. ती बसणार या टोकाला, तोंड मागे करून. मधे अख्खं पात्र. एकानेही वळून बघायचं कारण नाही.

ती बसली. पाठ दोराकडे केली. मॉडीने हात वर करून झाडांकडे खूण केली. दोर ताणला गेला, बॉनेट हललं आणि रेतीवरून सरकू लागलं.

पात्र ओलांडेपर्यंत विपाना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर वाऱ्याने तो पुढे नेला असता. जॅनेल बाजूने चालत होती.

“आई, वीस वर्षं तू त्याच्याशी बोलली नाहीस, म्हणून आमचं लग्न टिकलं,” ती हळूच म्हणाली. “मी तेच करायला पाहिजे होतं.”

मॉडी म्हणाली, “मग तुला मांस कुणी दिलं असतं?”

बॉनेट एकदा थांबलं. दोर सैल पडला, बराच वेळ सैल राहिला, मग पुन्हा ताणला. काठ चढताना आणखी एकदा तसंच झालं. विपानाने ते मनात नोंदवलं. मग काठ चढून झाला, दोर अलगद खाली पडला आणि पावलांचा आवाज उजवीकडे झाडीत गेला. मॉडीने तिकडे पाहून मान हलवली. विपानाने रुमाल वर केला. ती हाकेच्या दगडाशी होती.

फांदी तशीच पडली होती, पानं झडलेली. तिच्यावरून उंट गेले होते. वास इथे चांगलाच येत होता.

विपानाला दोघींनी उभं केलं. एक हात दगडावर ठेवून तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. घशातून नुसती हवा निघाली. सकाळपासून तिने थेंब घेतला नव्हता. तिने पुन्हा प्रयत्न केला. एक घोगरा, मोडका सूर निघाला आणि कड्यापर्यंत न जाता तिच्या पायाशी पडला. मॉडी आणि जॅनेल खाली बघत राहिल्या. अशा वेळी मदत करता येत नाही. दुसऱ्याने हाक दिली तर ती दुसऱ्याची हाक होते.

“बाटली,” विपाना म्हणाली.

जॅनेलच्या पिशवीत गावच्या नळाचं पाणी होतं. विपाना प्यायली. जो वाटा राखून ठेवला होता तो सगळा प्यायली, सावकाश, प्रत्येक घोट तोंडात फिरवून. बाटली परत देताना ती मॉडीला म्हणाली, “नळाचं आहे. मचूळ लागतं.”

मग तिने हाक दिली. थोरलीची हाक लांब आणि सरळ जायची, दगड फेकल्यासारखी. विपानाची मधेच चढली, मधेच फाटली. शाळेच्या स्वयंपाकघरातून पोरांना जेवायला बोलावतानाचा तो आवाज होता, आणि जॅनेलने नंतर सांगितलं की तिला एकदम लापशीची आठवण झाली.

“मी आले,” विपाना म्हणाली. “धाकटी. तुझ्यामागे उभी असायची ती. थोरली येणार नाही. ती गेली. आता मी येईन, मला आणलं तर. शहरात माझं रक्त धुतात म्हणून वास वेगळा येईल. मीच आहे.”

कड्यावरून हाक परत आली. तिघी वाट बघत राहिल्या. वारा सुटला तर परत फिरायचं, हे ठरलेलं होतं. वारा सुटला नाही. बऱ्याच वेळाने लाल चोचीच्या मुनियांचा एक थवा झुडपांतून उठला, दगडावरून किचकिचत गेला आणि पाण्याकडे उतरला.

“जा,” मॉडी पुटपुटली. “घे तुझी फांदी.”

विपानाने फांदी उचलली. त्या फांदीनेच वाट झाडत ती पुढे निघाली, जॅनेलच्या दंडाला धरून, चार पावलं आणि विसावा, चार पावलं आणि विसावा. थोरलीची जुनी पावलं वाऱ्याने केव्हाच नेली होती. तरी झाडायचं असतं. उंटांची पावलं झाडली, लीद झाडली. मॉडी मागून येत होती आणि एकदाही बोलली नाही.

पाण्याला हिरवी साय आली होती. अलीकडच्या बाजूला उंट पडला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, पोट फुगलेलं. पलीकडे कड्याखालच्या सावलीत पाणी अजून काळं आणि स्वच्छ होतं. मुनिया तिथे पीत होत्या. विपानाने हे सगळं नीट पाहून घेतलं. मग तीन गोटे मागितले. आपल्या काखेत घासून एक तिने पाण्यात टाकला. जॅनेलचा गोटा घेतला. “ही माझी मुलगी. तू तिला ओळखतोस.” मॉडीचा घेतला. “ही विहीण. तोंडाळ आहे, मनाने वाईट नाही.”

“वा,” मॉडी म्हणाली.

तीन गोटे गेले आणि अडचण उभी राहिली. उंट ओढून काढायला जावई येणार, त्याचा भाऊ येणार. भाऊ याच पाण्याच्या बाईच्या पोटी आलेला, लहानपणीच ओळख करून दिलेला. चुलतभाऊच तो, पण इथे सगळे सख्खेच. जावई दुसऱ्या मुलखातला. तो इथे यायचा तेव्हा प्रत्येक वेळी थोरलीचा नवरा त्याचं नाव पाण्याला सांगायचा. तो म्हाताराही आता नव्हता. बंद पाणी उघडल्यावर बाहेरच्यांची ओळख नव्याने करून द्यायची, आणि ती उघडणारीनेच. विपानाने जावयाचं नाव घ्यायचं नाही. विपानाने नाव घेतल्याशिवाय त्याने यायचं नाही.

“मी सांगते,” मॉडी म्हणाली. “माझा मुलगा आहे. क्लिफ्टन. झालं.”

“पाणी तुझं आहे का?”

“नाही.”

“मग?”

“मग बसू इथेच. उंटाची हाडं होईपर्यंत.”

जॅनेल म्हणाली, “भाऊ एकटा काढेल.”

“एकट्याने तार बांधायची, एकट्याने गाडी चालवायची? उंट अंगावर येईल त्याच्या.” मॉडीने हात झटकला.

विपाना काठावर बसली होती. ती मॉडीला म्हणाली, “एक दगड आण. काखेत धरलेला.”

“कुणाच्या?”

विपानाने डोक्याचा रुमाल पुढे ओढला. मॉडीला कळलं. ती आली त्या वाटेने परत गेली. थोड्या वेळाने तिकडून तिचा भोंगा ऐकू आला, “नीट घास, लाजतोस काय?” आणि ती हातात गोटा घेऊन आली. तांबडा, मुठीएवढा, एका बाजूला ओला. तिने तो विपानाच्या हातात दिला नाही, वाळूवर ठेवला. विपानाने उचलला. वीस वर्षांत मांसाशिवाय त्याच्याकडून आलेली ही पहिली वस्तू होती. तिने तो नाकाशी नेला, इतरांचे नेले नव्हते. मग पाण्याच्या काळ्या भागाकडे तोंड केलं.

“हा ज्याचा आहे त्याचं मांस मी खाते,” ती म्हणाली. “कधी कमी पाठवलं नाही. मी शहरात असले तरी पाठवतो. तुझ्या अंगणातली घाण काढायला येतोय. त्याला ओळखून ठेव.”

तिने दगड फेकला. तो फार लांब गेला नाही. पण गेला तो स्वच्छ पाण्यात गेला. वलयं कड्याला लागून परत आली. मुनिया उडाल्या, घिरटी घालून पुन्हा तिथेच उतरल्या.

“मान्य आहे बहुतेक,” मॉडी म्हणाली.

तिघी दगडापाशी परत आल्या आणि पाण्याकडे पाठ करून सावलीत बसल्या. मॉडीने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. उजवीकडच्या झाडीतून इंजिनाचा आवाज आला, वळसा घालून पाण्याकडे गेला. मग तार खडखडली. भावाच्या शिव्या ऐकू आल्या. दुसरा आवाज नव्हता. सासू ऐकण्याच्या अंतरावर असताना तो बोलणार नव्हता. त्याला जे सांगायचं ते तो बहुधा हाताने सांगत होता, कारण भाऊ मधेच ओरडला, “अरे तोंडाने बोल ना, मला मागे डोळे आहेत का?” जॅनेल आणि मॉडी हसून एकमेकींवर कलंडल्या.

विपानाला पाण्याकडे बघता येत नव्हतं. म्हणून ती समोरच्या रेतीकडे बघत होती. बॉनेटच्या घसरीने काठापर्यंतची पावलं पुसून टाकली होती. दोर टाकून तो जिथून बाजूला गेला होता तिथली मात्र उमटलेली होती. अनवाणी, स्वच्छ, ओळीने. उजवं पाऊल खोल आणि पुरं. डाव्याची टाच टेकतच नव्हती. चवडा बाहेरच्या कडेवर पडत होता आणि अंगठ्याशी रेती ओरखडलेली होती.

“त्याच्या डाव्या पायाला काय झालंय?” तिने विचारलं.

जॅनेलचं हसणं थांबलं. आई ‘त्याच्या’ म्हणते आहे ते कुणाबद्दल, हेच तिला पहिल्यांदा कळेना.

“काटा लागलाय म्हणाला. मागच्या महिन्यात.”

“तू पाहिलास?”

“दाखवत नाही. मोजे घालून झोपतो.”

“दोनदा थांबला तो ओढताना,” विपाना म्हणाली. “मला वाटलं मी जड झाले.”

मॉडी उठून पावलांजवळ गेली. वाकली. तिचं तोंड उतरलं. तिलाही आता दिसलं. इतके दिवस तिने मुलाच्या तोंडाकडे बघितलं होतं. तोंडाने तो हसतच होता.

“थोरलीचं पाऊल शेवटच्या वर्षी असंच पडायचं,” विपाना म्हणाली. “काटाच म्हणायची ती. तिचा पाय कापला तेव्हा उशीर झाला होता. त्याला सांग, उद्या सकाळी दवाखाना उघडला की पहिला जाऊन बस.”

“नाही गेला तर?”

विपानाने थोडा विचार केला. “सांग, मी मांस घेणार नाही.”

जॅनेलने आईकडे पाहिलं. जावयाचं मांस परत करणं म्हणजे लग्न मोडल्यासारखंच. असं गावात कुणी केलेलं तिने पाहिलं नव्हतं.

“जाईल,” मॉडी म्हणाली. “मी कान धरून नेते.”

पाठीमागे तारेचा आवाज थांबला. काहीतरी जड, ओलं दगडांवरून ओढलं गेलं. वासाची एक लाट आली आणि भाऊ ओरडून म्हणाला की निघाला, सगळाच्या सगळा निघाला.

परतताना विपाना पुन्हा बॉनेटवर बसली. दोर मात्र या वेळी भावाने ओढला. मॉडीने तसं फर्मावलं होतं. फाट्याशी गाडीत बसण्याआधी विपानाने फलकाकडे पाहिलं. काळा रंग काही ठिकाणी पोपडे धरून सुटू लागला होता. खालून थोरलीच्या नावाची दोन अक्षरं दिसत होती. जॅनेलने विचारलं, पुसू का. विपाना म्हणाली, राहू दे, आपोआप निघेल तेव्हा निघेल.

मंगळवारी ती वेळेवर यंत्रावर होती. परिचारिकेने वजन केलं आणि म्हणाली, पाणी जरा जास्त झालंय, आजी. विपाना म्हणाली, हो.

पुढच्या आठवड्यात मॉडीचा फोन आला. त्याच्या टाचेखाली जखम होती, आत पू होता, आणि रक्तात साखर. दवाखान्याने त्याला विमानाने हलवलं होतं, आता तिथेच शहरात आहे, तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर, मोठ्या इस्पितळात. पाय राहील म्हणतात. पाणी निम्मं उपसून टाकलंय, कड्याखालचं आपोआप पाझरतंय. पाऊस पडला की भरेल. आणि तो वेडा तिथे पडल्या पडल्या जॅनेलला म्हणतो की आता मांस कोण पाठवणार.

“त्याच्या भावाला सांग,” विपाना म्हणाली. “या वेळचं मांस इस्पितळात मी पाठवते. शेपटीचा बुडखा काढून ठेव म्हणावं.”

“आणि तू परत कधी येणार? बॉनेट काठावरच ठेवलंय. पोरं घेऊन जातील नाहीतर.”

“पाऊस झाल्यावर.”

“दोर झिजलाय. नवा आणायचाय. केवढा आणू?”

“तेवढाच,” विपाना म्हणाली. “आखूड नको.”